चुकून गेलेला 'क'

कीबोर्ड पुसताना कॉम्प्युटर बंद करायचा असतो, हे मला माहीत आहे. पण रविवारी सकाळी साडेनऊला कोण ऐकतं? ओलसर फडकं कळांवरून फिरवत होतो, एक कळ दबली, करंगळी एंटरवर पडली आणि स्क्रीनवर उघड्या असलेल्या गप्पांच्या खिडकीतून मावशीला निरोप गेला: 'क'. मावशी राहते न्यू जर्सीतल्या एडिसनला. तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते.

परत घ्यावा म्हणेपर्यंत निरोप पोचलासुद्धा. मग वाटलं, गेलाच आहे तर तो नेमका कसा गेला ते बघू.

सुरुवात कळेपासून. मागे एकदा जुना कीबोर्ड उघडला होता तेव्हा आत फारसं काही नसल्याचं बघून निराशाच झाली. एकावर एक ठेवलेले प्लॅस्टिकचे तीन पातळ कागद, वरच्या-खालच्या कागदावर वीज वाहून नेणाऱ्या शाईच्या रेघा आणि मधल्याला भोकं. कळ दाबली की वरची रेघ भोकातून खालच्या रेघेला टेकते. शंभराच्या आसपास कळा असल्या तरी शंभर तारा नसतात. आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते आणि कोपऱ्यातली एक छोटी चिप एकेका रेघेत वीज सोडून ती कुठे बाहेर पडते ते सतत तपासत असते. त्यातही मजा म्हणजे कळ एकदा दाबली तरी जोड एकदाच होत नाही. टेबलावर टाकलेल्या नाण्यासारखी ती काही मिलिसेकंद थरथरते. चिप ही थरथर संपेपर्यंत थांबते, नाहीतर एका 'क'चे पाच झाले असते.

'क'ची कळ दाबली की यूएसबीच्या तारेतून कॉम्प्युटरकडे जातो 14 हा आकडा. इंग्रजी 'ए'च्या कळेला 4, 'बी'ला 5, असं मोजत गेलं की 'के'ला 14 येतो. 4 पासून सुरुवात, कारण 0 म्हणजे 'काहीच दाबलेलं नाही' आणि 1 ते 3 हे आकडे गडबड कळवण्यासाठी राखून ठेवलेले आहेत. शिवाय यूएसबीचा कीबोर्ड आपणहून बोलत नाही. कॉम्प्युटर ठरावीक मिलिसेकंदांनी 'काही आहे का?' असं विचारत राहतो आणि तेव्हाच तो उत्तर देतो.

म्हणजे कीबोर्डला 'क' माहीतच नाही. त्याला जाळीतली जागा कळते. 14 चा अर्थ पुढे ऑपरेटिंग सिस्टीम एका तक्त्यात बघून लावते. भाषा इंग्रजी निवडलेली असेल तर तक्ता म्हणतो 107, म्हणजे इंग्रजीतला छोटा 'के'. मराठी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी निवडलेली असेल तर म्हणतो 2325. बोटाने दोन्ही वेळा तेच केलेलं असतं.

2325 हा 'क'चा जगभर मान्य असलेला आकडा. तो ठरवणाऱ्या संकेताचं नाव युनिकोड, आणि त्याची पहिली आवृत्ती 1991 मध्ये आली. तीत देवनागरीचा क्रम भारतात आधीच ठरलेल्या 'इस्की' या संकेतावरून घेतला होता. त्यामुळे क 2325, ख 2326, ग 2327 अशी मुळाक्षरांसारखीच रांग लागते. आपल्या खास 'ऱ'लाही वेगळा आकडा आहे, आणि त्याचं महत्त्व 'दर्या' आणि 'दऱ्या' लिहून पाहिलं की कळतं. दोन्ही शब्दांत पाच-पाच आकडे आणि फरक फक्त एकाचा: समुद्रात 2352, डोंगरांत 2353.

युनिकोड नव्हता तेव्हा काय व्हायचं, त्याचा पुरावा माझ्याकडे आहे. आईने 1999 मध्ये आजीच्या पाककृती टाइप करून ठेवल्या होत्या. ती फाइल आज उघडली की इंग्रजी अक्षरं, टक्क्याची चिन्हं आणि कंस यांचा नुसता कालवा दिसतो. तेव्हाचे बरेच मराठी फॉन्ट म्हणजे एक सोंग होतं. कॉम्प्युटरच्या समजुतीप्रमाणे तो इंग्रजीच लिहीत असे, फॉन्ट मात्र 'डी'च्या जागी 'क'चं चित्र काढून द्यायचा. प्रत्येक कंपनीने कुठलं चित्र कुठल्या आकड्यावर बसवायचं ते स्वतःच ठरवलेलं. फॉन्ट हरवला की मजकूर गेला. अनारशांची कृती तिथे अजून पडून आहे, एकही आकडा इकडचा तिकडे झालेला नाही. पण त्या आकड्यांचा अर्थ ज्या तक्त्यात होता तो आता आमच्याकडे नाही.

आता हा 2325 कॉम्प्युटरच्या पोटात कसा राहतो? आत फक्त वीज आहे किंवा नाही, म्हणजे 1 किंवा 0. त्या भाषेत 2325 म्हणजे 100100010101. पण पाठवताना आणि साठवताना हे बारा अंक असेच सलग ठेवत नाहीत, आठ-आठच्या डब्यांत भरतात. एका डब्याला म्हणतात बाइट. भरण्याच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीचं नाव यूटीएफ-8. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ती 1992 मध्ये न्यू जर्सीतल्याच एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर मांडली. इंग्रजी अक्षर एका डब्यात मावतं, 'क'ला तीन लागतात: 224, 164 आणि 149. 'क्ष'ला तर नऊ, कारण तो क, हलंत आणि ष असा तीन आकड्यांचा आहे. मराठीतल्या एसएमएसला 160 ऐवजी 70 अक्षरांचीच मुभा का, याचं उत्तरही असंच आहे. एका एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात. इंग्रजी अक्षरं तिथे सात-सात बिटांत (बिट म्हणजे 0 किंवा 1 असा एक अंक) दाबून बसवतात, मराठीला मात्र दर चिन्हामागे दोन बाइट लागतात. मोबाइल कंपनीने मराठीवर डूख धरलेला नव्हता.

हे आकडे हलवण्याचं काम प्रोसेसरचं. त्याला 'मेंदू' म्हणायची पद्धत आहे, मला ती पटत नाही. प्रोसेसरला येतात त्या गोष्टी फार साध्या आहेत: आकडा आण, आकडा ठेव, बेरीज कर, दोन आकडे सारखे आहेत का बघ, आणि असतील तर यादीतल्या अमुक ओळीवर उडी मार. या उडीतच सगळी जादू आहे. तिच्याशिवाय कॉम्प्युटर म्हणजे नुसतं बेरजेचं यंत्र.

आणि बेरीज तरी विजेला कशी येते? जिन्यातला दिवा आठवा. एक बटण खाली, एक वर. कुठलंही एकच दाबलं तर दिवा लागतो, दोन्ही दाबली तर विझतो. आता 'दाबलेलं' म्हणजे 1 धरा. 0 आणि 0: अंधार. 0 आणि 1: उजेड. 1 आणि 0: उजेड. 1 आणि 1: पुन्हा अंधार. ही एका घराची बेरीजच झाली, कारण 0 आणि 1 एवढेच अंक असतील तर 1 अधिक 1 म्हणजे 10, त्या घरात 0 लिहायचं आणि हातचा 1. हातच्यासाठी आणखी एक दिवा लावायचा, एकापुढे एक जोडलेल्या दोन बटणांचा. दोन्ही दाबली तरच तो लागेल. पहिला दिवा उत्तर सांगतो, दुसरा हातचा. अशा जोड्या एकापुढे एक लावत गेलं की कितीही मोठी बेरीज होते. माझ्या आजोबांच्या वाड्यातल्या जिन्यात अर्धं कॉम्प्युटर होतं, फक्त बटण दाबायला माणूस लागायचा.

माणसाच्या जागी आला ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेनेच दाबलं जाणारं बटण. त्याचा शोधही न्यू जर्सीचाच, बेल प्रयोगशाळेत डिसेंबर 1947 मध्ये लागलेला. (हा निरोप त्या राज्यात जायलाच हवा होता म्हणायचा.) 1971 च्या इंटेल 4004 या चिपवर सुमारे 2,300 ट्रान्झिस्टर होते, आज खिशातल्या फोनच्या चिपवर अब्जावधी असतात. 3 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला 300 कोटी ठोके घेतो. एका ठोक्यात प्रकाशसुद्धा जेमतेम 10 सेंटिमीटर जातो, म्हणून मेमरी प्रोसेसरला खेटून असावी लागते.

मेमरी म्हणजे रॅम, आणि ती कमालीची विसराळू. प्रत्येक 1 म्हणजे एका सूक्ष्म डबीत साठवलेली चिमूटभर वीज, आणि डबी गळकी. म्हणून दर 64 मिलिसेकंदांच्या आत सगळी मेमरी वाचून पुन्हा लिहावी लागते, सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. तुम्ही हा परिच्छेद वाचेपर्यंत तुमच्या फोनने तो शेकडो वेळा स्वतःशी घोकलेला असेल. वीज गेली की घोकणं थांबतं आणि सगळं पुसलं जातं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये सुरू झालेल्या 'टिफ्रॅक' या भारतीय बनावटीच्या कॉम्प्युटरची मेमरी चुंबकी कड्यांची होती, वीज गेली तरी न विसरणारी. ती होती 2,048 'शब्दांची', म्हणजे प्रत्येकी 0-1 च्या 40 अंकांच्या कप्प्यांची, आजच्या मापात 10 किलोबाइट. हा लेख तिच्यात निम्मासुद्धा मावला नसता.

तर आपले तीन बाइट मेमरीतून निघाले. निरोपाचं ॲप आधी त्यांना कुलूप घालतं, त्यामुळे वाटेत कुणाला 224, 164, 149 दिसत नाहीत. मग पाकीट तयार होतं, त्यावर कुठून, कुठे आणि कितवं ते लिहिलेलं. पत्त्याचा हा मजकूर निदान 40 बाइटचा. पोस्टकार्डावर एक अक्षर लिहून ते गोणीत घालून पाठवावं तसं हे वाटतं. पण मोठा फोटो असला तर तोही साधारण दीड हजार बाइटच्या तुकड्यांत फोडून अशाच पाकिटांतून जातो, आणि एखादं पाकीट हरवलं तर तेवढंच पुन्हा मागवता येतं.

घरातल्या राउटरचं काम मला आमच्या सोसायटीच्या वॉचमनसारखं वाटतं. घरातल्या फोनचा, टीव्हीचा, लॅपटॉपचा पत्ता 192.168 ने सुरू होतो, आणि तसाच पत्ता शेजारच्या घरातही असतो. बाहेरच्या जगाला हे फ्लॅट क्रमांक ठाऊक नसतात. राउटर पाकिटावर स्वतःचा पत्ता घालतो आणि कोणाचं पाकीट गेलं ते वहीत टिपून ठेवतो, म्हणजे उत्तर आलं की योग्य दारात देता येतं. चार भागांच्या त्या जुन्या पद्धतीत (192 आणि 168 हे पहिले दोन भाग) एकूण पत्ते सुमारे 429 कोटीच, त्यामुळे ही वॉचमनगिरी करावी लागली.

पुढचा रस्ता घरबसल्या बघता येतो. विंडोजच्या काळ्या कमांड खिडकीत 'ट्रेसर्ट' (tracert) असं इंग्रजीत लिहून पुढे दूरच्या एखाद्या संकेतस्थळाचं नाव द्या. मूळ युक्ती झकास आहे. प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो, आणि शून्य झालं की पाकीट फेकून देऊन पाठवणाऱ्याला तसं कळवतो, म्हणजे रस्ता चुकलेली पाकिटं अनंतकाळ फिरत राहत नाहीत. ट्रेसर्ट मुद्दाम आधी 1 घालून पाकीट पाठवतं, मग 2, मग 3, आणि 'फेकलं' म्हणून कळवणाऱ्या प्रत्येकाचा पत्ता मांडत जातं. मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठाचं नाव दिलं. पहिली ओळ आमच्या राउटरची, 1 मिलिसेकंद. मग 4, 5, 7. मग नुसत्या फुल्या, कारण काही राउटर उत्तर देत नाहीत. आणि एकदम शंभराच्या वर उडी. दोन ओळींमधली ती उडी म्हणजे समुद्र.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईत वर्सोव्याला वगैरे किनाऱ्यावर येणाऱ्या केबल अरबी समुद्रातून तांबड्या समुद्राकडे, तिथून इजिप्त ओलांडून भूमध्य समुद्रात जातात. 1870 मध्ये मुंबईहून एडनमार्गे सुएझला गेलेली तारायंत्राची केबल याच वाटेने टाकली होती. खोल समुद्रात ही केबल बागेतल्या पाण्याच्या नळीएवढीच जाड असते. जानेवारी 2008 च्या अखेरीस अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या, तेव्हा भारतातलं इंटरनेट रांगायला लागलं होतं. आपण 'क्लाउड' म्हणतो आणि वर बघतो, माल मात्र समुद्राच्या तळाने जात असतो.

मुंबई ते न्यू जर्सी जाऊन-येऊन साधारण 200 मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात माझ्या प्रोसेसरचे 60 कोटी ठोके पडतात. त्याच्या एका ठोक्याला आपला एक सेकंद मानलं, तर मेमरीतून आकडा आणायला त्याला पाच मिनिटं लागतात आणि एडिसनहून उत्तर यायला एकोणीस वर्षं.

मावशीच्या फोनवर सगळं उलट्या क्रमाने होतं. पाकीट फुटतं, कुलूप निघतं, तीन बाइटांचा पुन्हा 2325 होतो आणि तिच्या फोनमधला फॉन्ट त्या आकड्याचं चित्र काढतो. तिचा 'क' माझ्यापेक्षा जरा गुबगुबीत दिसतो, कारण प्रवास आकड्याने केला, आकाराने नाही. 'कि' असता तर आणखी एक कसरत झाली असती: आकड्यांत आधी क आणि मग वेलांटी असते, चित्रात मात्र वेलांटी आधी काढायची.

दोन मिनिटांनी तिचं उत्तर आलं: 'काय रे?' क, काना, य, मोकळी जागा, र, मात्रा, प्रश्नचिन्ह. मोकळी जागा आणि प्रश्नचिन्ह एकेका बाइटचे, बाकी तीन-तीन. एकूण 17 बाइट.

मी लिहिलं, 'काही नाही गं, कीबोर्ड पुसत होतो.' आणि या वेळी आधी फडकं बाजूला ठेवलं.