घट १८३९चा, गॅस अजून वाटेत

रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि सीएनजीच्या रांगेत माझ्यापुढे अजून चौदा गाड्या होत्या. पंपावरचा पोरगा ओरडून सांगत होता, "प्रेशर नाहीये, टाकी फुल होणार नाही, नंतर भांडू नका." पुढचा रिक्षावाला मोबाइलवर व्हिडिओ बघत होता. त्यात एकजण गाडीच्या नळीतून टपकणारं पाणी ग्लासात धरून पीत होता. रिक्षावाल्याने विचारलं, "दादा, ही पाण्यावरची गाडी नाशकात आली की आपली लाइन संपेल ना?"

पाण्यावरची नव्हे, हायड्रोजनवरची. पाणी तिच्यातून बाहेर पडतं. एवढी दुरुस्ती मी तिथेच केली. लाइनचं उत्तर द्यायला मात्र बरंच मागे जावं लागतं.

सीएनजी इंजिनात जळतो. फ्युएल सेलमध्ये, म्हणजे इंधनघटात, काही जळत नाही. एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने साधी हवा. मधे प्लास्टिकचा पातळ पडदा असतो आणि त्यावर प्लॅटिनमचा हलका लेप. प्लॅटिनमवर हायड्रोजन फुटतो. त्यातला प्रोटॉन पडद्यातून आरपार जातो. इलेक्ट्रॉनला ती वाट बंद, म्हणून तो तारेतून वळसा घालतो. तो वळसा म्हणजेच वीज, आणि तिच्यावर गाडीची मोटर फिरते. पलीकडे दोघं ऑक्सिजनला भेटतात आणि पाणी होतं. एका घटातून धड एक व्होल्टही मिळत नाही, म्हणून भाकरींची चवड रचावी तसे शेकडो घट रचतात. टोयोटाच्या मिराई या हायड्रोजन मोटारीच्या पहिल्या मॉडेलमध्ये असे ३७० होते.

ही युक्ती मोटारीपेक्षा जुनी आहे. शाळेत पाण्यातून वीज सोडून दाखवतात: दोन नळ्या, बुडबुडे, एकीत दुसरीच्या दुप्पट वायू. त्या दुप्पट वायूजवळ जळती काडी नेली की 'फट्' होतं आणि मागच्या बाकावरून टाळ्या पडतात. वेल्समधले विल्यम ग्रोव्ह हे पेशाने वकील, पुढे न्यायाधीश झाले. त्यांनी १८३९च्या सुमारास हाच प्रयोग उलटा फिरवला. प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर दोन्ही वायू पुन्हा एकत्र येऊ दिले आणि तारेतून वीज वाहू लागली. स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये शोनबाईन हे रसायनशास्त्रज्ञही त्याच सुमारास त्याच गोष्टीपाशी पोचले होते. पण लवकरच डायनामो, म्हणजे फिरवून वीज काढायचं यंत्र, आला. कोळसा स्वस्त होता, प्लॅटिनम महाग. ग्रोव्ह यांचा घट कपाटात गेला.

तो बाहेर काढला फ्रान्सिस टॉमस बेकन या इंग्रज इंजिनिअरने. प्लॅटिनमऐवजी निकेल आणि ॲसिडऐवजी पोटॅशचं द्रावण वापरून तो वीसेक वर्षं त्याच एका गोष्टीच्या मागे लागला होता. १९५९ साली केंब्रिजला त्याने पाच किलोवॉटचा संच चालवून दाखवला. त्यावर वेल्डिंग केलं, गोल करवत फिरवली, फोर्कलिफ्टही चालवली. आमच्या नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही शेडमधल्या माणसाला पटेल असंच हे प्रात्यक्षिक होतं. त्याच वर्षी अमेरिकेत ॲलिस-चाल्मर्स कंपनीने १,००८ घट बसवून एक ट्रॅक्टर नांगरटीला उतरवला.

मग चंद्राची मोहीम आली. जेमिनी यानांत जनरल इलेक्ट्रिकचे पडद्याचे घट होते, अपोलोत बेकनच्या वळणाचे. वीज मिळायचीच, वर तयार होणारं पाणी अंतराळवीर प्यायचे. म्हणजे रिक्षावाल्याचा व्हिडिओ काही अगदीच थाप नव्हता. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ वरची ऑक्सिजनची टाकी फुटली, तेव्हा घट शाबूत असून उपयोग झाला नाही. त्यांना द्यायला ऑक्सिजनच उरला नाही. या सगळ्या इतिहासाची खूणगाठ मला इथेच दिसते. घट सहसा दगा देत नाही, अडतं ते त्याच्या तोंडापर्यंत वायू पोचवण्यात. यानाच्या बाबतीत ती चिंता सरकारी तिजोरी वाहत होती. रस्त्यावर ती कोण वाहणार?

जनरल मोटर्सने १९६६ मध्ये या चिंतेची चव घेतली. इलेक्ट्रोव्हॅन ही घटावर चालणारी पहिली मोटार. अख्खी व्हॅन द्रवरूप हायड्रोजन-ऑक्सिजनच्या टाक्या आणि नळ्यांनी भरली, बसायला दोनच जागा उरल्या आणि वजन ३,२०० किलोच्या आसपास गेलं. ती कंपनीच्या आवाराबाहेर कधी पडलीच नाही. त्यापेक्षा कार्ल कोर्डेश हा रसायनशास्त्रज्ञ मला जास्त आवडतो. त्याने १९७० मध्ये स्वतःच्या ऑस्टिन ए-४० मोटारीत घट बसवला, हायड्रोजनचे सिलिंडर सरळ टपावर टाकले आणि पुढे काही वर्षं तीच गाडी रस्त्यावर हाकली. आपल्याकडच्या जुगाडू मेकॅनिकला शोभेल असं काम.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेने प्लॅटिनमची गरज दहा पटींनी उतरवली. कॅनडातल्या बॅलार्ड कंपनीने घट आटोपशीर केले, १९९४ मध्ये डाइम्लरने घटावरची नेकार व्हॅन दाखवली. २००३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी हायड्रोजनसाठी १२० कोटी डॉलर जाहीर केले. डिसेंबर २०१४ मध्ये मिराई जपानच्या शोरूममध्ये आली. पंप मात्र गाड्यांची वाट बघत राहिले आणि गाड्या पंपांची. २०२४ मध्ये शेलने कॅलिफोर्नियातले मोटारींचे हायड्रोजन पंप बंद केले.

गॅस एवढा का अडतो? एक किलो हायड्रोजन साध्या दाबाला अकरा हजारांहून जास्त लिटर जागा खातो. आपल्या सीएनजीला साधारण २०० बार दाब पुरतो, मिराईला ७०० बार लागतो. तो गॅस तयार करणं हा आणखी वेगळा खर्च. जगातला बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायू आणि कोळशातूनच निघतो. पाण्यापासून काढायचा तर किलोमागे पन्नास ते पंचावन्न युनिट वीज जाते, आणि एका किलोवर मोटार शंभरेक किलोमीटर चालते. तेवढेच युनिट बॅटरीच्या गाडीत भरले तर ती सहज तीनशे किलोमीटर जाईल. बिलाचा हा हिशेब कुठलीही गृहिणी दोन मिनिटांत मांडेल.

आपल्या जवळचा प्रयोग पुण्याचा. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी ही कंपनी यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये एका मोटारीत देशी घट बसवून चाचणी घेतली. टाकी पावणेदोन किलोची, पल्ला सुमारे अडीचशे किलोमीटर. पुण्याहून नाशिक दोनशे दहा. म्हणजे गाडी इथवर आरामात आली असती, पण परत जायला गॅस कुठे भरणार? मार्च २०२२ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी मिराईतून संसदेत गेले, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन (म्हणजे सौर-पवनसारख्या विजेवर काढलेला हायड्रोजन) मिशन मंजूर केलं. त्याच वर्षी राज्याचं धोरणही आलं.

नाशिकला यात दुरून का होईना, रस असायलाच हवा. मायको सर्कलचं नाव ज्या कंपनीवरून पडलं, ती आता बॉश म्हणून ओळखली जाते. इथल्या कित्येक घरांच्या चुली डिझेल इंजेक्टरच्या कामावर पेटल्या. त्याच बॉशने २०२३ मध्ये जर्मनीत ट्रकसाठी इंधनघटाचे संच बनवायला घेतले. ते ज्या अमेरिकी निकोला ट्रकसाठी होते, त्या निकोलाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. डिझेलनंतर काय, याचं उत्तर खुद्द बॉशलाही सरळ हाती लागलेलं नाही.

तरी मोटारीपेक्षा ट्रकची आशा मला जास्त वाटते. अवजड ट्रकला बॅटरी लावली तर मालाच्या वजनातून तिचं वजन कापलं जातं आणि चार्जिंगला गाडी तासन्‌तास उभी राहते. शिवाय ट्रकचे रस्ते ठरलेले असतात, त्यामुळे दोन्ही टोकांना पंप टाकले तरी भागतं. २०२५ मध्ये केंद्राने ३७ बस-ट्रकच्या चाचण्यांना मंजुरी दिली. त्यातल्या १५ गाड्या घटावरच्या, बाकीच्या हायड्रोजन इंजिनात जाळणाऱ्या, आणि पंप नऊ. निवडलेल्या मार्गांत पुणे-मुंबई आहे. द्राक्षं आणि कांदा घेऊन कसारा उतरणाऱ्या गाड्यांचा मुंबई-नाशिक मार्ग नाही.

हे सगळं त्या रात्री सांगायला वेळ नव्हता. एवढंच सांगितलं की ती टाकी पाच मिनिटांत भरते, पण एक गाडी भरली की पंपाला पुन्हा दाब चढवायला वेळ लागतो, आणि गॅस आधीच उणे चाळीसपर्यंत थंड केलेला असल्यामुळे कधी कधी नळीचं तोंड गाडीला गोठून चिकटतं. कॅलिफोर्नियातसुद्धा लोक रांगेत उभे असतात.

"म्हणजे तिकडेपण प्रेशरचाच लोचा," तो म्हणाला, आणि रिक्षा ढकलत दोन हात पुढे सरकला.