ताकद आणि भरवसा: कच्च्या वाटेवरच्या इलेक्ट्रिक युनिसायकलची पार्श्वभूमी

इलेक्ट्रिक युनिसायकलच्या बाबतीत ताकद आणि भरवसा यांचा हिशेब वेगवेगळा मांडता येत नाही. एक चाक, त्या चाकाच्या आतच बसवलेली हब मोटर, दोन्ही बाजूंना पाय ठेवण्यासाठी पेडल आणि भोवतीच्या कवचात बॅटरी व कंट्रोलर, एवढीच या वाहनाची रचना असते. तळहातावर काठी उभी तोलताना हात जसा तिच्या झुकावाखाली सतत सरकवावा लागतो, तसे हे चाक पुढेमागे झुकणाऱ्या स्वाराखाली सरकत राहते. जायरोस्कोप आणि त्वरणमापक झुकाव मोजतात आणि मोटरला किती प्रवाह द्यायचा, हे कंट्रोलर दर सेकंदाला शेकडो वेळा ठरवतो. डावीउजवीकडचा तोल स्वाराने सायकलीप्रमाणे स्वतः सांभाळायचा असतो. पुढे जाण्यासाठी लागणारी आणि स्वाराला उभे ठेवण्यासाठी लागणारी वीज अशा रीतीने एकाच मोटरमधून जात असल्यामुळे, घाटात स्कूटर बंद पडली तर ती ब्रेक लावून बाजूला घेता येते, पण युनिसायकलची मोटर क्षणभर कमी पडली तरी स्वार तोंडावर आपटतो.

हा विषय इंदूरच्या वाचकांना अगदी परका वाटू नये. शेजारच्या पिथमपूरला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची बाजा एसएईइंडिया ही ऑल-टेरेन वाहनांची स्पर्धा २००७ पासून रुजली, २०१५ मध्ये तिला विद्युत वाहनांच्या गटाची जोड मिळाली, आणि तिच्यातली चार तासांची सहनशक्तीची शर्यत पाहिलेल्या माणसाला कच्च्या वाटेवर वेगापेक्षा वाहन शेवटपर्यंत शाबूत राहणे किती कठीण असते, हे वेगळे सांगावे लागत नाही. महूच्या पुढे चोरल, जानापाव आणि जाम दरवाजाच्या बाजूला पठार जिथे तुटते, तिथली मुरमाची, दगडांची आणि काळ्या मातीची जमीन या यंत्रांचे गुणदोष लवकर उघडे पाडते.

या यंत्रांचा पूर्वज म्हणजे डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत डीन केमन यांनी जगापुढे आणलेली, शेजारच्या दोन चाकांमधल्या पाटीवर उभे राहून चालवायची सेगवे. तिची आठवण आज पर्यटकांना फिरवणारी दुचाकी पाटी एवढीच उरली असली, तरी भरवशाच्या दृष्टीने ती फार विचारपूर्वक घडवलेली होती. तिच्यात दोन बॅटऱ्या होत्या, दोन कंट्रोलर बोर्ड होते, प्रत्येक मोटरमध्ये वेटोळ्यांचे दोन स्वतंत्र संच होते, आणि तीन जायरोस्कोपवर काम भागत असताना पाच बसवले होते. एक भाग निकामी झाला तर दुसऱ्याच्या आधाराने यंत्र हळू होऊन थांबावे आणि स्वाराला उतरायला वेळ मिळावा, असा त्यामागचा हेतू होता. या दुहेरीपणाची किंमत वजनात आणि पैशात मोजावी लागली: सुमारे ३८ किलो आणि सुमारे ५,००० डॉलर. २००६ मध्ये जाड, खोल नक्षीच्या टायरांची एक्स२ ही तिची कच्च्या रस्त्यासाठीची आवृत्तीही निघाली, पण दोन चाके शेजारी असल्यामुळे एक चाक दगडावर चढले की सगळी पाटीच कलंडत असे. अरुंद पायवाटेवर एकच चाक सोयीचे, हे त्या अडचणीतूनही दिसत होते.

एका चाकावर स्वतः तोल राखणारे वाहन ट्रेव्हर ब्लॅकवेल यांनी २००४ मध्ये बनवून दाखवले. होंडाने २००९ मध्ये यू३-एक्स हे १० किलोहून कमी वजनाचे, बसून चालवायचे एकचाकी यंत्र प्रदर्शित केले. मात्र बाजाराला वळण दिले ते अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या शेन चेन यांच्या सोलोव्हीलने. २०११ च्या सुमारास विक्रीला आलेल्या या यंत्राला ना आसन होते ना दांडा. चाकाच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहायचे, पिंडऱ्यांनी कवच धरायचे आणि झुकायचे. ताशी सुमारे १६ किलोमीटर वेग आणि जेमतेम ११-१२ किलो वजन, त्यामुळे ते उचलून लोकलमध्ये किंवा कचेरीत नेता येई. त्यासाठी सेगवेमधला दुहेरीपणा जवळपास पूर्ण सोडून देण्यात आला: एक मोटर, एक बोर्ड, एक लहान बॅटरी. गुळगुळीत पदपथावरच्या सावकाश फेरफटक्यासाठी हा सौदा वाजवीच होता, कारण ताशी १६ किलोमीटरला यंत्र बंद पडले तरी धावत उतरता येते. पुढची सगळी अडचण अशी की यंत्रे पदपथ सोडून डोंगरात गेली, वेग कित्येक पटींनी वाढला, आणि मूळ सौदा मात्र तोच राहिला.

२०१४ नंतर हा धंदा जवळजवळ संपूर्णपणे चीनमध्ये गेला. नाइनबॉट, किंगसाँग, इनमोशन आणि गॉटवे (म्हणजे पुढे बिगोड झालेली कंपनी) यांच्यातल्या चढाओढीत चाक १४ इंचांवरून १८ आणि २२ इंचांपर्यंत गेले, टायरची रुंदी ३ इंचांच्या घरात पोचली आणि बॅटरी शंभर-दीडशे वॉट-तासांवरून हजाराच्या पुढे सरकली. रुंद टायर आला तेव्हा स्वारांनी त्यावर मोटरसायकलसारखे गुठळ्यांचे, म्हणजे नॉबी टायर चढवले आणि जंगलवाटा धरल्या. कंपन्यांनी ही यंत्रे त्या कामासाठी बनवली नव्हती. दगडावर आदळून प्लॅस्टिकची कवचे तडकत, टायरमधली ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटून फुटे, रिम वाकत, आणि खाली बसलेला प्रत्येक धक्का स्वाराच्या गुडघ्यांवाटे वर जाई, कारण गुडघ्यांखेरीज दुसरे सस्पेन्शन नव्हते.

धक्क्याचा प्रश्न केवळ आरामाचा नव्हता. धक्क्याने पाय पेडलवरून सुटला की या यंत्रावर ताबा संपतो. आणि चाक हवेत उडाले की जमिनीचा विरोध नाहीसा होऊन ते क्षणात भरमसाट वेगाने फिरू लागते, मग खाली टेकताच कंट्रोलरला ते तितक्याच झटक्यात आवरावे लागते. २०२० साल या दृष्टीने निर्णायक ठरले. इनमोशनचे व्ही११ आणि किंगसाँगचे एस१८ ही सस्पेन्शन असलेली यंत्रे त्या वर्षी पुढे आली. पहिल्यात हवेचा दाब वापरला होता, दुसऱ्यात माउंटन बाइकच्या धर्तीचा शॉक अब्जॉर्बर. त्याच वर्षी व्हेटेरनचे शर्मन आले. त्याला सस्पेन्शन नव्हतेच, पण धातूचा मजबूत सांगाडा, ३,२०० वॉट-तासांची बॅटरी आणि सुमारे ३५ किलो वजन होते. दीर्घ कच्च्या प्रवासासाठी अनेकांनी सस्पेन्शनपेक्षा हा दांडगा सांगाडा पत्करला, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, कारण सस्पेन्शनबरोबर सरकणाऱ्या पट्ट्या, बेअरिंग आणि हवेची सीलही आली. धूळ-चिखल लागून हीच जागा सर्वांत आधी कुरकुरते आणि अडकते. पुढची काही वर्षे कंपन्या याच सरकत्या भागांची दुरुस्ती करत होत्या.

२०२२ नंतरची स्पर्धा व्होल्टेजची आहे. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट देतो. एका ओळीत २० सेल जोडले की ८४ व्होल्ट, २४ जोडले की १००.८, ३२ जोडले की १३४.४ आणि ३६ जोडले की १५१.२ व्होल्ट होतात, आणि २०२४ पर्यंत बाजार हा सगळा जिना चढून गेला होता. फिरती मोटर स्वतःही उलट व्होल्टेज निर्माण करते व ते वेगाबरोबर वाढते. बॅटरीचे व्होल्टेज आणि हे उलट व्होल्टेज यांच्यातला फरक हीच स्वाराला सावरण्यासाठी शिल्लक असलेली ताकद असते. जास्त वेटोळ्यांची मोटर थोड्या प्रवाहात जास्त पीळ, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर (टॉर्क), देते, पण तिचे उलट व्होल्टेज कमी वेगालाच चढते. बॅटरीचे व्होल्टेज वाढल्यावर अशी चढाला उपयोगी मोटर बऱ्यापैकी वेगानेही वापरता येऊ लागली. कच्च्या वाटेच्या दृष्टीने व्होल्टेजवाढीचा खरा लाभ हाच आहे. जाहिरातीत मिरवला जाणारा सर्वोच्च वेग तिथे कधीच लागत नाही. बॅटरी उतरते तसा हा लाभही ओसरतो, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे: सेल ३.२ व्होल्टपर्यंत आले की १३४ व्होल्टचे यंत्र जेमतेम १०२ व्होल्टचे उरते.

मोटरचा पीळ प्रवाहाच्या प्रमाणात वाढतो, पण तारांतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पीळ दुप्पट हवा असेल तर उष्णता चौपट सोसावी लागते. स्वार आणि यंत्र मिळून ११५ किलो धरले, तर २० अंशांच्या चढावर उभ्या उभ्या वजन पेलण्यासाठीच चाकाला सुमारे ९० न्यूटन-मीटर पीळ लागतो, मग वेग कितीही कमी असो. दगडात अडकून चाक जागीच थबकले तर हा सगळा प्रवाह मोटरच्या मोजक्या वेटोळ्यांतून आणि कंट्रोलरवरच्या मोजक्या मॉसफेटमधून, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून, वाहतो. मॉसफेट जळणे हे या यंत्रांच्या अचानक बंद पडण्याचे जुने कारण आहे आणि ते वेगात जितके घडते तितकेच सावकाश, हट्टाने चढवलेल्या चढावर घडते. चाकाची स्थिती ओळखणाऱ्या हॉल सेन्सरच्या वायरी आसाच्या पोकळीतून जातात व टायर बदलताना पिळवटतात, बेअरिंगमध्ये पाणी शिरते, आणि बॅटरीच्या कवचात ओल शिरली तर नुसत्या बिघाडाऐवजी आग लागू शकते. २०१५ मधल्या हॉव्हरबोर्डच्या आगी व त्यानंतर २०१६ मध्ये अमेरिकेत परत घ्यावी लागलेली पाच लाखांवर यंत्रे या पार्श्वभूमीवर यूएल २२७२ हे अमेरिकी सुरक्षा मानक आले, आणि काही युनिसायकली त्यानुसार प्रमाणित होऊ लागल्या. यूएल २२७२ चा भर वीज आणि आग यांवर आहे. कच्च्या वाटेवरचे धक्के आणि सस्पेन्शनची झीज यांचा खरा कस त्यात लागत नाही.

वजनाचा हिशेब इथेच पाहण्यासारखा आहे. आजची दणकट युनिसायकल ४० किलोच्या आसपास असते, म्हणजे वजनाने ती सेगवेपाशी परत आली आहे. बॅटरीचे दोन-चार समांतर संच आणि प्रत्येक ओळीवर लक्ष ठेवणारी बीएमएस (बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा) एवढी सुधारणा झाली, पण दुसरा कंट्रोलर बोर्ड, मोटरमधला वेटोळ्यांचा दुसरा संच या गोष्टी काही परत आल्या नाहीत. वाढलेले वजन सगळे राखीव ताकदीवर खर्च झाले आणि ते वजन चढावर नेण्यासाठी त्याच राखीव ताकदीतला वाटा पुन्हा मोजावा लागतो. माझ्या मते या क्षेत्राच्या इतिहासातली सर्वांत खटकणारी गोष्ट हीच आहे.

माळव्यात या सगळ्याला तीन स्थानिक पदर आहेत. पहिला काळ्या मातीचा. पावसाळ्यात ती फुगते, चिकटते आणि टायरवर थरावर थर चढवते. युनिसायकलमध्ये टायर आणि कवच यांच्यात बोटभरच फट असल्यामुळे चिखल तिथे ठासून बसतो व मोटरला चढाबरोबर या घर्षणाशीही झगडावे लागते. नॉबी टायर तर चिखल अधिकच ओढून आणतो. त्यामुळे सोयाबीनच्या शेतांमधल्या सपाट वाटा श्रावणात घाटापेक्षा अवघड ठरतात. दुसरा पदर उन्हाळ्याचा. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असताना कंट्रोलरला उष्णता बाहेर टाकायला वावच कमी मिळतो.

तिसरा पदर सहसा ध्यानात येत नाही. डोंगराच्या पायथ्याला राहणारा स्वार आधी चढतो आणि बॅटरी अर्धी रिकामी करून उतरतो. इंदूर-महूचा स्वार पठारावर राहतो, तेव्हा रात्रभर चार्ज केलेले यंत्र घेऊन तो निमाडच्या बाजूला आधी उतरतो. युनिसायकलला वेगळा ब्रेक नसतो. उतारावर मोटर जनित्र होते आणि वीज बॅटरीत परत ढकलते. बॅटरी आधीच भरलेली असेल तर तिचे व्होल्टेज मर्यादेबाहेर जाते, यंत्र ओरडू लागते, पेडल मागे कलते, आणि संरक्षक यंत्रणेने भरणा तोडला तर रोधही संपतो. ११५ किलो वजन ३०० मीटर खाली उतरवताना सुमारे ९४ वॉट-तास ऊर्जा मोकळी होते. तिच्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग परत आला असे धरले, तरी १,८०० वॉट-तासांच्या बॅटरीत तो तीन-चार टक्के भरतो. जाम दरवाजाच्या बाजूला उतरायचे असेल तर चार्ज ९० टक्क्यांवर थांबवणे एवढ्याने हा धोका टळतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या बॅटरी वाहनांना सूट आहे. दोन-चार हजार वॉटची युनिसायकल तिच्यात बसत नाही, आणि नोंदणी करावी असा दुसरा वर्गही तिच्यासाठी नाही. पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रात चढ, खडी आणि कच्चा रस्ता यांचे स्वतंत्र ट्रॅक असले, तरी ज्या वाहनाचा वर्गच ठरलेला नाही त्याची प्रमाणन-चाचणी तिथे होणार कशी? सार्वजनिक रस्त्यावर म्हणूनच तिला जागा नाही आणि ती वापरायची तर खासगी जमिनीवर.

दुरुस्तीचेही तसेच. इंदूरमध्ये ई-रिक्षा सांभाळणारे कारागीर बेअरिंग बदलू शकतात, टायर चढवू शकतात. पण त्यांचा हात ४८ आणि ६० व्होल्टवर बसलेला आहे, आणि विद्युत वाहनांच्या मानकांत ६० व्होल्ट डीसीच्या वरचे व्होल्टेज धोकादायक वर्गात धरले जाते. १३४ व्होल्टच्या बॅटरीचे कवच उघडणे हे वेगळ्या हातमोज्यांचे आणि वेगळ्या प्रशिक्षणाचे काम आहे. जळालेला बोर्ड सहसा दुरुस्त होत नाही, अख्खा बदलावा लागतो. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांवरची लिथियम बॅटरी नेता येत नसल्यामुळे नवी बॅटरी बहुधा मालवाहतुकीने येते आणि तिला आठवडे लागतात. इथे यंत्र घेणाऱ्याने त्यामुळे एक जादा कंट्रोलर बोर्ड, बेअरिंगचा जोड आणि टायर-ट्यूब यंत्राबरोबरच मागवावी आणि तो खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.