कॅरव्हॅनचा गीझर हुकअपवर (म्हणजे कॅम्पसाइटच्या खांबावरून घेतलेल्या विजेवर) कसा वापरायचा (किल्ली घेतल्यावर आधी हे वाचा)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे ट्रिपच्या पहिल्या रात्री जे फोन येतात ना, त्यातले बरेचसे गरम पाण्याचेच असतात. "गीझर लावून पंधरा मिनिटं झाली, पाणी अजून गारच आहे." लेक डिस्ट्रिक्टच्या पावसात दिवसभर भिजून आलेल्या माणसाला हे किती लागतं ते आम्हाला माहीत आहे, म्हणून हे पत्रक. सगळ्यांनी नाही तरी गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी बसलेल्याने वाटेत मोठ्याने वाचा.

पहिली गोष्ट, हा आपला पुण्या-ठाण्याच्या बाथरूममधला गीझर नाही. तिकडे आपण दोन-तीन किलोवॉटचा गीझर लावतो, टॉवेल शोधेपर्यंत पाणी तयार. आपल्या कॅरव्हॅनमध्ये ट्रुमा अल्ट्रास्टोर नावाचा, वीज आणि गॅस दोन्हीवर चालणारा गीझर आहे, 10 लिटरची टाकी आणि विजेचं एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) फक्त 850 वॉटचं. हिशोब करून बघा, 10 डिग्रीचं पाणी 70 डिग्रीपर्यंत न्यायला साधारण 0.7 युनिट लागतं, म्हणजे कागदावरच 50 मिनिटं झाली, प्रत्यक्षात तास-सव्वा तास धरा. एलिमेंट मुद्दाम छोटं ठेवलेलं असतं, कारण साइटवरच्या खांबातून घरासारखी हवी तेवढी वीज मिळत नाही. मीटर असलेल्या साइटवर युनिटला 25 पेन्स धरले तरी अख्खी टाकी अठरा पेन्सच्या आत तापते, तेव्हा काटकसर पैशाची कमी आणि वेळेची जास्त आहे.

आता जोडणी. नारिंगी केबल 25 मीटरची आहे, खांब अगदी दोन पावलांवर असला तरी ती पूर्ण उलगडा आणि व्हॅनखाली सैल पसरून ठेवा. गुंडाळलेल्या केबलवर लोड आला की ती आतल्या आत तापते, वितळू पण शकते. निळा प्लग आधी कॅरव्हॅनला आणि मग खांबाला, काढताना बरोब्बर उलटं. बऱ्याच खांबांवर प्लग घातल्यावर उजवीकडे फिरवावा लागतो, नाहीतर करंटच येत नाही, आणि काढताना लाल बटण दाबायचं.

गीझर चालू करण्याआधी टाकीत पाणी हवंच, हे ठळक अक्षरात समजा. पंप चालू करून किचनचा गरम पाण्याचा नळ उघडा, आधी फुर्र फुर्र हवा येईल, मग सलग धार लागली की नळ बंद करून बाथरूमच्या नळाला पण तेच करा, आणि मगच विजेचं बटण. रिकाम्या टाकीवर एलिमेंट लावू नका, ते जळलं तर खर्च डिपॉझिटमधून जातो आणि मग आपली दोघांचीही सकाळ खराब होते. पंप चालूच राहतोय आणि व्हॅनखाली पाण्याचा ओघळ दिसतोय, असं झालं तर टाकी फुटलेली नसते, 99 टक्के वेळा गीझरजवळचा पिवळा खटका उभा राहिलेला असतो. उभा म्हणजे टाकी रिकामी होणार, आडवा म्हणजे बंद. पाणी तापताना मात्र खालून थेंब थेंब ठिबकणं नॉर्मल आहे, पाणी तापलं की फुगतं आणि वाढलेलं प्रेशर त्या पिवळ्या खटक्याच्या व्हॉल्व्हमधून सुटतं, त्यासाठी फोन नको.

विजेवर टेंपरेचर निवडता येत नाही, गीझर आपोआप 70 डिग्रीच्या आसपास जाऊन थांबतो. हे चहाएवढं नसलं तरी भाजण्याइतकं नक्की आहे, लहान मुलांना नळ स्वतः उघडू देऊ नका, आधी गार मग गरम. पण याचाच फायदा असा की इतक्या कडक पाण्यात गार मिसळलं की 10 लिटरचं आंघोळीजोगं जवळजवळ 20 लिटर होतं. शॉवर सोडून गाणी म्हणत उभं राहिलात तर ते चार-पाच मिनिटांत संपतं. आमचा सल्ला, शॉवर ट्रेमध्ये घडीची बादली आणि तांब्या ठेवलाय तो वापरा. हसू नका, इंग्लंडमध्ये जन्मलेली आमची मुलं पण कॅरव्हॅनमध्ये तांब्यानेच आंघोळ करतात आणि एका टाकीत तिघांचं भागतं.

आंघोळ झाल्याशिवाय चहा नाही अशी शिस्त ज्यांच्या घरात आहे त्यांनी उठायच्या तासभर आधी कोणीतरी एकाने हात लांब करून बटण दाबायचं आणि परत झोपायचं. रात्रभर चालू ठेवायची गरज नाही, टाकीला इन्सुलेशन आहे, रात्री तापवलेलं पाणी सकाळीही बऱ्यापैकी कोमट मिळतं आणि तिथून पुढे तापायला वेळ कमी लागतो. आणखी एक, नळ उघडला की टाकीत लगेच गार पाणी शिरतं आणि एलिमेंट ते तापवायला लागतं, म्हणून शेवटचा माणूस आंघोळीला गेला की बटण बंद करा, उरलेल्या कोमट पाण्यात नाश्त्याची भांडी निघतात. नाहीतर तुम्ही दिवसभर विंडरमिअरला बोटीत आणि इकडे गीझर कोणासाठी तरी पाणी तापवतोय.

आता लोड जास्त झाला की खांबावरचा विजेचा ट्रिप स्विच पडून अंधार होतो, ते प्रकरण. 16 अँपिअरच्या खांबावर तुम्हाला साधारण 3680 वॉट मिळतात, 10 अँपिअरचा असेल तर फक्त 2300, आणि फ्रान्सकडे गेलात तर कित्येक साइटवर 6 अँपिअर म्हणजे 1380. गीझर 850, रूम हीटर 2000, फ्रिज शंभर-सव्वाशे, इथपर्यंत 16 वर चालतं, पण त्यात कोणी घरून आणलेली 2200 वॉटची किटली लावली की संपलं. किटलीचं ठीक आहे, आपली मंडळी इंडक्शन आणि कुकर पण घेऊन येतात! कुकर गॅसवर लावा, शेगडी त्यासाठीच आहे. व्हॅनमधली छोटी किटली 750 वॉटची आहे, सावकाश उकळते पण अंधार करत नाही. काही साइटवर खांबाची पेटी कुलपात असते, मग रात्री वॉर्डनला (साइट सांभाळणाऱ्याला) उठवावं लागतं, आणि वॉर्डन तुमच्याकडे कसा बघेल ते आम्ही अनुभवलंय.

खूपच घाई असेल तर गॅस आणि वीज दोन्ही एकदम लावता येतात, पाणी अर्ध्याहून कमी वेळात तापतं. फक्त गॅस लावण्याआधी बाहेरच्या भिंतीवरचं गीझरचं पांढरं झाकण काढायचं, तिथून धूर बाहेर पडतो. नुसत्या विजेवर असताना झाकण लावलेलं चालतं, वाऱ्याच्या दिवसात लावलेलंच बरं.

निघताना गीझर बंद करा, पाणी निवू द्या, पिवळा खटका उभा करून टाकी रिकामी करा, 10 किलो वजन कमी होतं आणि हिवाळ्यात पाणी गोठून टाकी फुटत नाही. आणि पुढच्या साइटवर पोचलात, पंप लावलात, व्हॅनखाली तळं झालं, तर आम्हाला फोन करायच्या आधी तो खटका आडवा केलाय का तेवढं बघा.