गेम अडकतोय, व्हिडिओ तुटतोय? लॅपटॉप दुकानात आणायच्या आधी एवढं बघून घ्या

बरेच ग्राहक काउंटरवर लॅपटॉप ठेवतानाच सांगतात की ग्राफिक कार्ड गेलंय, नवीन टाकून द्या. तर लॅपटॉपचं ग्राफिक कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारी चिप, बहुतेक वेळा मदरबोर्डवरच सोल्डर केलेलं असतं, डेस्कटॉपसारखं एक काढलं आणि दुसरं खोचलं असं होत नाही, म्हणून ते खरंच गेलं तर खर्च मोठा. पण कार्ड खराब झालं की शक्यतो स्क्रीनवर रेषा येतात, रंगीत ठिपके उमटतात, नाहीतर डिस्प्लेच येत नाही. मशीन नुसतं स्लो चालत असेल तर कारण बहुतेक वेळा दुसरंच निघतं, आणि ते घरबसल्या तपासायला एक पैसाही लागत नाही.

सगळ्यात आधी बघा काम नक्की कोण करतंय. ज्या लॅपटॉपवर एनव्हिडिया कंपनीच्या जीफोर्स कार्डाचा स्टिकर असतो त्यात बहुतेक वेळा दोन ग्राफिक चिप असतात, एक प्रोसेसरच्या आत, इंटेलची किंवा एएमडीची, आणि दुसरी ती वेगळी मोठी, जिच्यासाठी तुम्ही जास्त पैसे मोजलेत. बॅटरी वाचावी म्हणून कुठलं अ‍ॅप कुठल्या चिपवर चालवायचं ते विंडोज स्वतःच ठरवतं आणि कधीकधी ऑटोकॅड किंवा गेम लहान चिपवर जाऊन बसतो, मोठी तशीच रिकामी. गेम चालू ठेवूनच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये जीपीयू (म्हणजे ग्राफिक चिप) झिरो आणि जीपीयू वन असे दोन दिसतील, एकेकावर क्लिक केलं की वर नाव येतं. इंटेल ९० टक्क्यांच्या पुढे आणि जीफोर्स शून्यावर असेल तर दुखणं सापडलं. सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग डिस्प्ले, मग ग्राफिक्स, तिथे तुमचं अ‍ॅप निवडून हाय परफॉर्मन्स करा आणि अ‍ॅप बंद करून परत उघडा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावाऐवजी मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर दिसतंय? म्हणजे ड्रायव्हरच, विंडोजला कार्ड वापरता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, नाही, फॉरमॅट मारल्यावर हे हमखास होतं. मॉडेल नंबर टाकून लॅपटॉप कंपनीच्याच साइटवरून ड्रायव्हर घ्या, ते फुकट ड्रायव्हर अपडेटर वगैरे कृपा करून टाकू नका.

आता उष्णता, आणि आपल्या विदर्भात हा मुद्दा सगळ्यात मोठा. गेम सुरुवातीला मस्त चालतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी अडकायला लागतो, फॅनचा आवाज वाढतो, कीबोर्डचा वरचा भाग हाताला चटका देतो, तर समजा की प्रोसेसर किंवा ग्राफिक चिप स्वतःला वाचवायला स्पीड कमी करतेय. बरेच प्रोसेसर ९५ ते १०० डिग्रीला पोचले की असं करतात. फॅन शेवटी खोलीतलीच हवा आत ओढतो, मे महिन्यात बाहेर ४५ आणि खोलीत ३८-४० असेल तर तो तरी काय करणार. खालची जाळी बाहेरून स्वच्छ दिसते म्हणून फसू नका, आम्ही फॅन काढतो तेव्हा त्याच्या मागे, तांब्याच्या नळीला जोडलेल्या बारीक पात्यांवर, धूळ आणि केसांचा नमद्यासारखा घट्ट थर निघतो, चिमटीत धरून अख्खाच्या अख्खा उचलता येतो, आणि चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकून तिची पपडी झालेली असते. थर काढला आणि नवीन पेस्ट लावली की फरक तुम्हाला त्याच दिवशी कळतो. घरी ब्लोअर मारू नका, फॅन भलत्याच वेगाने फिरून त्याची बेअरिंग जाते. आणि गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवून गेम नको, खालून हवाच बंद होते.

ज्यांच्याकडे वेगळं कार्ड नाहीच, त्यांनी रॅम बघावी. प्रोसेसरच्या आतली ग्राफिक चिप रॅममधूनच मेमरी घेते, त्यामुळे रॅमची एकच स्टिक (पट्टी) असेल तर तिला अर्ध्याच रुंदीच्या रस्त्यावरून जावं लागतं. टास्क मॅनेजरच्या मेमरीमध्ये स्लॉट्स यूज्ड वन ऑफ टू दिसलं तर दुसरी, त्याच साइजची आणि स्पीडची स्टिक टाका, पैसा वसूल अपग्रेड आहे. खोक्यावर आयरिस एक्सई लिहिलंय आणि विंडोज मात्र यूएचडी दाखवतंय (दोन्ही इंटेलच्या आतल्या ग्राफिक चिपची नावं) असं बरेच जण विचारतात, त्याचंही कारण बहुतेक वेळा ही एकच स्टिक, दुसरी बसली की नाव आपोआप बदलतं. काही पातळ मॉडेलमध्ये रॅम सोल्डरच असते, म्हणून घ्यायच्या आधी आम्हाला मॉडेल नंबर पाठवा.

चार्जर पण बघा. बॅटरीवर गेम हळू चालणारच, तो बिघाड नाही. पण १५० वॉटचा चार्जर लागणाऱ्या मशीनला ६५ वॉटचा टाइप-सी लावलात तर चार्जिंग होईल, ताकद मिळणार नाही. काही लॅपटॉप लोकल चार्जर ओळखत नाहीत आणि मुद्दाम स्पीड उतरवतात.

फक्त यूट्यूब तुटत असेल तर ब्राउझरच्या सिस्टम सेटिंगमध्ये, व्हिडिओचं काम ग्राफिक चिपकडे देणारं, हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन चालू आहे का तेवढं बघा.

एवढं करूनही फरक नाही पडला तर आणा, आम्ही तुमच्यासमोरच उघडून दाखवतो. येताना तुमचाच चार्जर आणा, डेटाची कॉपी काढून ठेवा, आणि कोणी कितीही सांगितलं तरी फॉरमॅट मारून आणू नका, ड्रायव्हरची जुनी सेटिंग गेली की नक्की काय बिघडलं होतं ते शोधायला आम्हाला जास्त वेळ लागतो.