कामगारांची कंबर आणि कायरोप्रॅक्टिकची परीक्षा

कुशीवर झोपवायचं, वरचा गुडघा पोटाकडे घ्यायचा आणि कमरेला एक झटका द्यायचा. ‘कट्ट’ असा आवाज येतो. हाड जागेवर बसलं असं पेशंटला वाटतं. खरं तर तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्याचा आवाज असतो.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे हातानं मणक्यांना असे झटके देण्याचा उपचार. त्याचा जन्म १८९५ मधला, अमेरिकेत आयोवातल्या डॅव्हनपोर्टचा. डी. डी. पामर यांनी हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याचं बहिरेपण गेल्याचा दावा केला. पहिला रुग्ण कामगारच, पण तक्रार कानाची!

कामगारांच्या कमरेचा हिशोब ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला तो १९७४ साली. अमेरिकेतल्या युटा राज्यात कामावर पाठ दुखावून भरपाई घेतलेल्यांपैकी काही डॉक्टरकडे गेले होते, काही कायरोप्रॅक्टरकडे. दोघांचेही पेशंट जवळपास सारखेच बरे झाले. पण कुणाकडे जायचं हे ज्याचं त्यानं ठरवलेलं, त्यामुळे तुलना कच्चीच. शिवाय भरलेली उसण बहुतेकदा आपली आपणच उतरते. पायाळू माणसाची लाथ आपल्याकडे गुणकारी ठरते ती काही उगाच नाही.

मग चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडणं आलं. १९९० मध्ये ब्रिटनमध्ये टी. डब्ल्यू. मीड यांच्या ७४१ रुग्णांच्या चाचणीत हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागापेक्षा कायरोप्रॅक्टिक सरस ठरलं. १९९८ मधली अमेरिकी चाचणी मला जास्त बोलकी वाटते. ३२१ जणांपैकी काहींना कायरोप्रॅक्टिक, काहींना फिजिओथेरपी आणि उरलेल्यांच्या हातात नुसती माहितीपुस्तिका! पहिले दोन गट बरोबरीत, आणि पुस्तिकेच्या थोडेसेच पुढे.

नोकरीत असलेल्यांवरची एक मोठी चाचणी अमेरिकी सैन्यात झाली. सैनिक म्हणजे ओझं वाहणारा कामगारच की. तीन लष्करी रुग्णालयांतल्या ७५० जणांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला सहा आठवडे कायरोप्रॅक्टिक मिळालं. २०१८ मध्ये निकाल आला: शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर त्यांचं दुखणं इतरांपेक्षा सरासरी १.१ ने कमी. मात्र खोट्या झटक्यांचा गट नव्हता आणि आपल्याला काय मिळतंय हे प्रत्येकाला ठाऊक होतं. जादा वेळ आणि जादा हात लागल्याचा गुण त्यात किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही.

त्याआधीच, २०१७ मध्ये, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं नव्या कंबरदुखीसाठी गोळ्यांआधी शेक, मसाज, ॲक्युपंक्चर यांच्या रांगेत मणक्याच्या झटक्यालाही जागा दिली होती. शेकाचा पुरावा मध्यम दर्जाचा, झटक्याचा कमी दर्जाचा, असा शेराही मारला होता.