गृहखात्यात गेलेला ग्रामविकास मंत्री

आर. आर. पाटलांचं नाव निघालं की बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात. एक डान्सबार बंदी, दुसरी २६/११ नंतरचा राजीनामा. दोन्ही गृहमंत्रिपदाच्या काळातल्या. पण आबांचा खरा पिंड कळतो तो त्याआधीच्या चार वर्षांत, ग्रामविकास खात्यात.

तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावात १९५७ साली त्यांचा जन्म झाला. ‘कमवा आणि शिका’ करत त्यांनी शिक्षण घेतलं, पुढे वकिलीची पदवी मिळवली. १९७९ मध्ये सावळज गटातून ते सांगली जिल्हा परिषदेवर गेले आणि १९९० मध्ये आमदार होईपर्यंत तिथेच राहिले. हा अकरा वर्षांचा काळ मला फार मोलाचा वाटतो. गावात आलेली योजना नेमकी कुठे अडते, कागदावर पूर्ण झालेलं काम शिवारात का दिसत नाही, हे त्या सभागृहात बसलेल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

१९९९ मध्ये ते राष्ट्रवादीत गेले, राज्यात आघाडीचं सरकार आलं आणि ग्रामविकास खातं त्यांच्याकडे आलं. वर्षभरात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. आधी अनुदान आणि मग काम, ही सरकारी योजनांची नेहमीची रीत. इथे ती उलटी केली होती. गावानं आधी श्रमदानानं, लोकवर्गणीनं गटारं काढायची, उकिरडे हलवायचे, शौचालयं बांधायची; तपासणी समिती त्यानंतर येणार, आणि बक्षीस मिळालंच तर सगळ्यात शेवटी. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी स्पर्धा चढत जायची. शेजारच्या गावाला नंबर मिळाला म्हटल्यावर जी ईर्षा पेटते, ती कोणत्याही परिपत्रकानं पेटत नाही. दिवसा गाव झाडून रात्री कीर्तन करणाऱ्या गाडगेबाबांचं नाव या मोहिमेला शोभलंही. पुढे केंद्रानं निर्मल ग्राम पुरस्कार आणला, त्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

डिसेंबर २००३ मध्ये छगन भुजबळांनी पद सोडलं आणि आबा गृहमंत्री झाले. २००४ पासून उपमुख्यमंत्रीही. खातं बदललं, काम करण्याची पद्धत मात्र तीच राहिली. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम बघा. ग्रामसभेनं समिती नेमायची, बांधाचे, वाटणीचे, भावकीतले वाद गावातच सामोपचारानं मिटवायचे, आणि चांगलं काम करणाऱ्या गावाला बक्षीस. ग्रामस्वच्छतेचंच हे पुढचं पाऊल होतं.

डान्सबार बंदीत मात्र ही पद्धत नव्हती. तिथे फक्त कायदा होता. २००५ मध्ये बंदी आली, २००६ मध्ये उच्च न्यायालयानं ती रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तोच निकाल कायम ठेवला. तरुण पोरं पैसा उधळतात ही त्यांची कळकळ खरी होती. पण ज्या बायकांचं पोट त्या कामावर होतं, त्यांच्या पर्यायी रोजगाराची सोय बंदीइतक्या तातडीनं झाली नाही, आणि ती उणीव मोठीच होती.

मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हिंदीत केलेल्या एका विधानानं जनक्षोभ उसळला. मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना घडतात, असा त्याचा अर्थ लागत होता. १ डिसेंबर २००८ रोजी त्यांनी राजीनामा दिला. वर्षभरानं ते पुन्हा गृहमंत्री झाले आणि त्यांनी गडचिरोलीचं पालकमंत्रिपद आपणहून मागून घेतलं. नक्षलग्रस्त म्हणून जो जिल्हा मंत्री टाळत आले होते, तो गृहमंत्र्यानं स्वतःकडे घेतला, याचं तिथल्या पोलिसांना काय वाटलं असेल याची कल्पना करता येते.

तासगावनं त्यांना सलग सहा वेळा निवडून दिलं. शेवटची निवडणूक २०१४ ची. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी मुंबईत तोंडाच्या कर्करोगानं ते गेले, तेव्हा वय अवघं ५७ होतं. अंत्यसंस्कार अंजनीतच झाले. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत पत्नी सुमनताई निवडून आल्या, आणि २०२४ मध्ये त्याच मतदारसंघातून मुलगा रोहित आमदार झाला.