न जुमानणारे जंतू: कल्चरच्या प्लेटपासून जनुकाच्या अक्षरांपर्यंत

लघवीचं किंवा रक्ताचं कल्चर तपासायला दिलं की दोन-तीन दिवसांनी जो कागद हातात येतो, त्याची सवय आता बडोद्यातल्या बऱ्याच घरांना झाली आहे. डावीकडे औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येक नावासमोर एस, आय किंवा आर. एस म्हणजे जंतू त्या औषधाला दबतो, आर म्हणजे जुमानत नाही, आय म्हणजे मधलं काहीतरी. पण आयसीयूतून आलेल्या पेशंटच्या फायलीत हल्ली आणखी एक पान असू शकतं: ‘एनडीएम: डिटेक्टेड’, ‘ऑक्सा-48: नॉट डिटेक्टेड’. दांडिया बाजारातल्या ओळखीच्या एका काकूंनी असं पान माझ्यापुढे धरून विचारलं होतं, “हे एनडीएम म्हणजे जंतूचं नाव का रे?”

जंतूचं नाही, जनुकाचं. पहिला कागद सांगतो जंतू औषधापुढे कसा वागला. दुसरा सांगतो त्याच्या पोटात कुठली युक्ती लिहिलेली सापडली. पहिल्या कागदापासून दुसऱ्यापर्यंत यायला चाळीसेक वर्षं लागली, आणि तरी पहिला कागद अजून रद्दीत गेलेला नाही.

बडोदेकरांना हा विषय तसा घरचा. त्रिभुवनदास गज्जर यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं 1890 मध्ये तंत्रशिक्षणाचं कलाभवन उभारलं. पुढे 1907 मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांच्या प्रयत्नांतून अलेम्बिक ही कंपनी निघाली. कोटिभास्कर हे मराठी आडनाव या गोष्टीत आहे हे आपल्याकडच्या नव्या पिढीला सहसा ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं. सुरुवात टिंक्चर आणि अल्कोहोलपासून झाली, पण 1961 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते तिथे पेनिसिलिनच्या प्लांटचं उद्घाटन झालं आणि नंतर ‘अल्थ्रोसिन’ नावाचं एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घरोघरी पोहोचलं. शिवाय साराभाई केमिकल्स होतीच. तिकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 मध्ये स्थापन झाली होती. रावपुऱ्यापासून गोरव्यापर्यंत कितीतरी मराठी घरांत कोणाचे तरी काका किंवा आजोबा ‘औषधाच्या कंपनीत’ होते.

गंमत अशी की पेनिसिलिन बाजारात यायच्या आधीच त्याला पुरून उरणारा जंतू प्रयोगशाळेत सापडला होता. ऑक्सफर्डमध्ये एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी 1940 मध्ये लिहिलं की काही जंतूंमध्ये पेनिसिलिनचा चक्काचूर करणारं एन्झाइम असतं. 1945 च्या नोबेल व्याख्यानात पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी अपुऱ्या डोसचा धोका सांगितला, त्याचा उल्लेख सगळेच करतात. मला अब्राहम-चेनची ती छोटी टिपणी जास्त बोलकी वाटते. औषध नवं होतं, त्यावरचा तोडगा जुनाच होता. किती जुना, ते 2011 मध्ये कळलं. कॅनडाच्या उत्तरेकडच्या तीस हजार वर्षं गोठलेल्या मातीतून काढलेल्या डीएनएमध्ये पेनिसिलिनच्या जातकुळीच्या औषधांना, टेट्रासायक्लिनला आणि व्हॅन्कोमायसिनला तोंड देणारी जनुकं मिळाली. बुरशी आणि मातीतले जंतू एकमेकांशी लढताना ही हत्यारं कधीच घडवून बसले होते. माणसानं अँटिबायोटिकचा मारा करून फक्त ती हत्यारं असलेल्यांची निवड केली.

हे सगळं जनुकांत असतं, हे मात्र तेव्हा कोणाच्या हाती नव्हतं. हातात होती प्लेट. म्युलर-हिंटन अगारचा, म्हणजे जंतूंच्या खाद्याच्या जेलीचा थर, त्यावर पसरलेला जंतू आणि वर ठेवलेल्या औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या. रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं, सकाळी प्रत्येक टिकलीभोवती किती मिलिमीटरचं स्वच्छ वर्तुळ पडलं ते पट्टीनं मोजायचं. सिएटलच्या विल्यम कर्बी, आल्फ्रेड बाउअर आणि सहकाऱ्यांनी 1966 मध्ये या पद्धतीला शिस्त लावली: जंतू किती दाट पसरायचा, अगार किती जाड, कुठल्या औषधाला किती मिलिमीटर हवेत. बडोद्यातल्या साध्या लॅबमध्येही ही चाचणी आजही लागते. स्वस्त आहे, डोळ्यांना दिसते आणि जंतूला मोकळेपणानं वागू देते. दोष एकच: वेळ. आधी जंतू वाढायला एक दिवस, मग चाचणीला दुसरा. टीबीचा जंतू तर इतका आळशी की कल्चरलाच काही आठवडे जातात.

जनुकांकडे पहिलं बोट जपाननं दाखवलं. तिथे 1950 च्या दशकात आमांशाच्या साथींमध्ये एकाच वेळी चार-चार औषधांना दाद न देणारे शिगेला जंतू सापडू लागले. एकेका औषधासाठी एकेक बदल घडायचा म्हटलं तर चार बदल एकदम होणं जवळपास अशक्य. 1959 मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की असा शिगेला साध्या ई-कोलाय या दुसऱ्या जंतूबरोबर ठेवला की ई-कोलायही चारही औषधांना निर्ढावतो. म्हणजे ही विद्या वारशानं तर मिळतेच, पण शेजाऱ्यालाही देता येते. ज्या सुट्या डीएनएच्या कड्यांवरून ती दिली जाते त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. वाटीतलं विरजण दुसऱ्या पातेल्यात घातलं की तिथेही दही लागतं, तसंच काहीसं. फरक इतकाच की इथे पातेल्यातलं दूध वेगळ्या जातीचं असलं तरी चालतं.

पेनिसिलिनच्याच जातकुळीतलं मेथिसिलिन 1959 मध्ये आलं आणि 1961 मध्ये लंडनजवळच्या कॉलिंडेलच्या प्रयोगशाळेत पॅट्रिशिया जेव्हन्स यांना स्टॅफ या जंतूच्या हजारो नमुन्यांमधून त्याला न जुमानणारे तीन सापडले. तोच एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफ. त्याच्या अंगचा गुण आहे मेकए नावाचं जनुक. जंतूची भिंत बांधणारा जो गवंडी पेनिसिलिन पकडून ठेवतं, त्याच्याऐवजी हे जनुक दुसराच गवंडी कामाला लावतं आणि तो औषधाच्या हाती लागत नाही. प्लेटवर हा जंतू फार लबाड. एकाच वसाहतीतल्या थोड्याच पेशी आपला हट्ट दाखवतात, बाकीच्या गप्प बसतात. म्हणून मीठ वाढवा, तापमान खाली आणा, पूर्ण चोवीस तास थांबा, असे सगळे उपाय करावे लागायचे. इथे जनुकीय चाचणीचा पहिला खरा उपयोग झाला. जंतू गप्प बसला तरी जनुक लपत नाही.

त्यासाठी लागणारं तंत्र कॅलिफोर्नियातल्या कॅरी मुलिस यांच्या डोक्यात 1983 मध्ये आलं. पीसीआर. जे डीएनए शोधायचं, त्याच्या दोन टोकांना जुळणारे छोटे तुकडे म्हणजे प्रायमर घालायचे, मिश्रण तापवायचं, थंड करायचं आणि हे पुन्हा पुन्हा करायचं. प्रत्येक फेरीला तुकडे दुप्पट. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून जास्त होतात. कोविडच्या दोन वर्षांत हा शब्द पानाच्या ठेल्यावरही पोहोचला, त्यामुळे आता समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मेकएसाठी पीसीआर वापरात आलं आणि पुढे प्लेटच्या निकालाची खातरजमा त्यावरून होऊ लागली.

पीसीआरचा मोठा गुण आणि मोठी खोट एकाच जागी आहे: प्रायमर जे शोधायला लावाल तेवढंच ते शोधतं. त्याची शिक्षा 2011 मध्ये मिळाली. इंग्लंडमधल्या गायींच्या दुधात असे स्टॅफ सापडले की प्लेट म्हणे मेथिसिलिनला आर आणि पीसीआर म्हणे मेकए नाही. प्लेट चुकली असेल म्हणून सोडून दिलं असतं तर फसगत झाली असती. संपूर्ण जीनोम, म्हणजे जंतूचं सगळं डीएनए वाचल्यावर मेकएचा चुलतभाऊ निघाला. डीएनएची अक्षरं साधारण सत्तर टक्केच जुळत होती, म्हणून जुन्या प्रायमरनं त्याला ओळखलंच नाही. पुढे त्याला मेकसी नाव मिळालं. मग मागचे साठवलेले नमुने उघडले, तर माणसांतही तो आधीपासून होता.

भारतात जनुकीय चाचणी घराघरात पोहोचली ती मात्र टीबीमुळे. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाला न जुमानण्याचं कारण बहुतेक वेळा आरपीओबी जनुकातल्या 81 अक्षरांच्या एका पट्ट्यात असतं, हे 1990 च्या दशकात कळलं होतं. इतकी छोटी जागा म्हणजे चाचणी करणाऱ्याला पर्वणीच. डिसेंबर 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जीनएक्सपर्टला मान्यता दिली, आपल्याकडे सगळे ज्याला ‘सीबीनॅट’ म्हणतात ते. थुंकीचा नमुना घातला की सुमारे दोन तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का, दोन्ही कळतं. त्यानंतर गोव्यातल्या कंपनीनं बनवलेलं बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट आलं आणि 2020 मध्ये त्यालाही तशीच मान्यता मिळाली. एसीशिवायच्या, लाइट जाणाऱ्या आरोग्य केंद्रात ते चालतं, हा त्याचा खरा मोठेपणा. इथेही खोट तीच. आफ्रिकेतल्या एस्वातिनीत रिफाम्पिसिनला न जुमानणाऱ्या बऱ्याच जंतूंतला बदल नेमका त्या 81 अक्षरांच्या बाहेर होता, आणि सीबीनॅट त्यांना बिनदिक्कत ‘चालेल’ म्हणत होतं.

आता काकूंचं एनडीएम. 2008 मध्ये भारतीय वंशाच्या एका स्वीडिश नागरिकाच्या लघवीत क्लेबसिएला नावाचा जंतू सापडला, जो कार्बापेनेम या राखीव औषधांनाही जुमानत नव्हता. तो माणूस त्याआधी दिल्लीत उपचार घेऊन गेला होता. त्यातल्या नव्या जनुकाचं नाव 2009 मध्ये न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टामेज असं ठेवलं गेलं. 2010 मध्ये लॅन्सेटच्या संसर्गजन्य रोगांच्या मासिकात भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधल्या नमुन्यांचा निबंध आला आणि इथे एकच गदारोळ उठला. देशाची बदनामी, मेडिकल टुरिझमविरुद्धचं कारस्थान, काय काय म्हटलं गेलं. लॅन्सेटचे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी 2011 मध्ये नावाबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. नाव चुकलंच होतं, गावाच्या माथी रोग मारू नये. पण त्या भांडणात जंतूचा मुद्दा मागे पडला, हे त्याहून वाईट. त्याच वर्षी दिल्लीच्या पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साचलेल्या पाण्याच्या 171 नमुन्यांपैकी 51 मध्ये आणि नळाच्या 50 पैकी 2 मध्ये एनडीएमचं जनुक होतं. बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या पुलावरून रोज जाणाऱ्याला हा आकडा वाचून जे वाटतं, ते लिहायची गरज नाही.

एनडीएम ओळखायला तेव्हा प्लेटवरची हॉज टेस्ट वापरली जायची, आणि नेमकं एनडीएमच तिच्या हातून निसटायचं. त्यामुळे मोठी रुग्णालयं जनुकीय कार्ट्रिजकडे वळली. त्यात एका तासाच्या आत कार्बापेनेम निकामी करणाऱ्या जनुकांची केपीसी, एनडीएम, व्हिम, इम्प आणि ऑक्सा-48 ही पाच कुळं तपासली जातात. कुठलं कूळ आहे यावर औषध ठरतं. सेफ्टाझिडिम-अॅव्हिबॅक्टम हे महागडं औषध ऑक्सा-48 ला आवरतं, एनडीएमपुढे मात्र एकटं फुकट जातं. आपल्याकडे एनडीएमचं प्रमाण मोठं, म्हणून इथे हा फरक पेशंटच्या जिवाशी आणि घरच्यांच्या खिशाशी थेट जोडलेला असतो.

दरम्यान सरकारी बाजूही हलली. 2013 मध्ये आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, अशा जंतूंवर नजर ठेवायला रुग्णालयांचं देखरेख जाळं उभं केलं. मार्च 2014 पासून औषधविक्रीच्या नियमांतलं शेड्यूल एच-1 लागू झालं आणि त्यातली 46 औषधं देताना केमिस्टनं चिठ्ठी बघून वहीत नोंद करणं सक्तीचं झालं. वही किती केमिस्ट ठेवतात, हा वेगळा विषय. 2015 मध्ये चीनमधून एमसीआर-1 या जनुकाची बातमी आली: कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या औषधावरचा तोडगा, तोही प्लाझ्मिडवर. 2019 मध्ये भारतानं पशुपालनात कोलिस्टिन बंद केलं.

आता पीसीआरच्याही पुढे जाऊन अख्खा जीनोम वाचला जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये टीबीच्या 38 हजारांहून जास्त नमुन्यांवरून एक सूची काढली, कुठलं अक्षर बदललं की कुठलं औषध जातं याची. पण ती सूची बनली कशी? प्रत्येक नमुन्याचा जीनोम आणि त्याच नमुन्याची औषधांसमोरची वागणूक शेजारी-शेजारी ठेवून. कारण अक्षरं वाचून सगळं कळत नाही. कधी जनुक असतं पण झोपलेलं. कधी ओळखीचं एकही जनुक नसतं, पण जंतूनं औषध आत यायची भोकंच बुजवलेली असतात. कधी मेलेल्या जंतूचं डीएनए मशीनला सापडतं आणि बरा होत आलेला माणूस उगाच घाबरतो.

काकूंच्या घरच्या फायलीत दोन्ही पानं एकामागे एक लावलेली होती. जनुकाचं पान रात्री साडेनऊचं, त्यावरून डॉक्टरांनी त्याच रात्री औषध बदललं होतं. प्लेटचं पान तिसऱ्या दिवशीचं, आणि त्यात एका जुन्या, स्वस्त इंजेक्शनपुढे एस होतं. चौथ्या दिवशी औषध पुन्हा बदललं.